मडगावचा जर्मन अल्बम: १९२३ आहे, पण १९३१ कुठे आहे?

मडगावच्या न्यू मार्केटमागच्या गल्लीत जुन्या नोटा, नाणी आणि टपाल तिकिटं विकणारं एक चिंचोळं दुकान आहे. तिथे ‘जर्मनी १९१४ ते १९४५’ असा तयार अल्बम मिळतो. किंमत ४,८०० रुपये, पानं बत्तीस, आणि प्रत्येक पानाखाली मराठीत टाइप केलेली चिठ्ठी. गोव्यात अशा चिठ्ठ्या बहुधा इंग्रजीतच असतात, त्यामुळे मराठी पाहूनच मी हात पुढे केला. मी डिचोली तालुक्यात उच्च माध्यमिकला इतिहास शिकवते. मुलांना पाठ्यपुस्तकातलं कृष्णधवल चित्र दाखवणं वेगळं आणि शंभर वर्षांपूर्वीचा खरा कागद त्यांच्या हातात देणं वेगळं. म्हणून हा अल्बम घेतला आणि वर्गात वापरला. वस्तू म्हणून तो उत्तम आहे. पण त्यात एक मोठी फट आहे आणि ती भरल्याशिवाय शिक्षकांनी तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच खूप आहे.

पहिल्या पानावर १९१० सालची १००० मार्कांची नोट. मोठी, तपकिरी, दोन्ही बाजूंनी बारीक कोरीव काम. या नोटेवर शिक्के लाल आहेत की हिरवे ते बघायचं असतं. हिरव्या शिक्क्यांच्या नोटेवर तारीख १९१० ची असली तरी ती छापलेली असते महायुद्धाच्या अखेरीस किंवा त्यानंतर. अल्बममधली नोट हिरव्या शिक्क्यांची आहे आणि चिठ्ठीत तसं स्वच्छ लिहिलंय. ऑनलाइन विकणारे कितीतरी जण हीच नोट ‘युद्धापूर्वीची’ म्हणून खपवतात.

दोन पानं उलटली की १९ जानेवारी १९२२ ची १०,००० मार्कांची नोट येते. तिच्यावर ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराच्या चित्रावरून घेतलेला एका तरुणाचा चेहरा आहे. नोट आडवी फिरवून मानेजवळच्या रेषा पाहिल्या की तिथे एक आकृती त्याच्या गळ्याला तोंड लावून बसल्यासारखी दिसते. ती जर्मनीचं रक्त पिणाऱ्या फ्रान्सची आहे, असं लोक तेव्हा बोलायचे. चित्रकारानं मुद्दाम काढली की बघणाऱ्यांच्या मनानं, हा वाद बाजूला ठेवू. युद्ध हरलेल्या, व्हर्सायच्या तहानं भरपाई लादलेल्या देशात माणसं खिशातल्या नोटेतही शत्रू शोधत होती, एवढं तरी त्यातून कळतं. माझ्या वर्गात ही नोट सगळ्यात जास्त वेळ फिरली.

आणि मग ती प्रसिद्ध ओव्हरप्रिंटची नोट. मूळ १००० मार्कांची, तारीख १५ डिसेंबर १९२२. तिच्यावर लाल शाईत आडवा ठसा, किंमत १०० कोटी मार्क. म्हणजे छापून ठेवलेली नोट चलनात येईपर्यंतच निरुपयोगी झाली, तेव्हा नवीन छापण्याऐवजी जुनीवरच नवा आकडा उठवला. पुढच्या नोटांना तर मागची बाजूच नाही. ‘मिस, हिची पाठ कोरी आहे,’ असं एका मुलीनं वर्गात सांगितलं आणि तिथून प्रश्नांची रांग लागली. १९२३ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या छापखान्याला काम झेपेना, म्हणून शंभराहून जास्त खाजगी छापखाने नोटा छापत होते. दोन्ही बाजू छापायला वेळ कुणाला होता?

चिठ्ठीतली कारणमीमांसा इथपर्यंत बरोबर आहे. जर्मन सरकारनं पहिल्या महायुद्धाचा खर्च करांतून न काढता मुख्यतः कर्जरोखे विकून काढला. जिंकलो की हरलेल्यांकडून वसूल करू, हा हिशेब होता. हरल्यावर कर्जही उरलं आणि वर भरपाईचा बोजाही. जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूरच्या कोळसा-पोलाद पट्ट्यात घुसल्या. तिथल्या कामगारांनी काम थांबवलं आणि त्यांना घरबसल्या पगार द्यायला सरकारनं नोटा छापल्या. १९१४ ला ४.२ मार्कांना मिळणारा डॉलर नोव्हेंबर १९२३ ला ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. बर्लिनमध्ये पाव २० हजार कोटींच्या आसपास. तिकिटांच्या पानावर त्याच महिन्यांतलं ५,००० कोटींचं तिकीट आहे, एका साध्या पत्रावर लावायचा कागदाचा चौकोन.

दुकानदारांच्या प्रामाणिकपणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२४ ची १०० लाख कोटी मार्कांची नोट ही त्या काळातली सर्वांत मोठी. खरी नोट दुर्मिळ आणि अफाट महाग असते. अल्बममध्ये तिची नक्कल आहे, आणि नकलेवर पुढून-मागून ‘प्रत’ असा शिक्का मारलेला आहे. मागितलं नाही तरी त्यांनी तो आधी दाखवला. बनावट बिल्ले, पट्टे, टोप्या असला हिटलरछाप माल ते ठेवत नाहीत. शापोराकडच्या एका स्टॉलवर तसला माल पर्यटकांना सेल्फीसाठी विकताना मी पाहिलाय आणि मला तो पाहवत नाही. इथे तसलं काही नाही याचं मला समाधान आहे.

एक चूक मात्र त्यांनी लवकर सुधारावी. चौदाव्या पानावर वेगवेगळ्या गावांनी काढलेल्या रंगीत, चित्रांच्या पन्नास फेनिगच्या (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) नोटा आहेत, १९२१ च्या. खाली ‘महागाईच्या आगीतल्या आणीबाणीच्या नोटा’ असं लिहिलंय. गावांनी सुट्या पैशांच्या टंचाईत नोटा काढल्या हे खरं, पण १९२१ पर्यंत यातल्या पुष्कळशा मालिका संग्राहकांना विकण्यासाठीच छापल्या जात होत्या. म्हणूनच त्या इतक्या सुंदर आहेत आणि म्हणूनच आजही कोऱ्या मिळतात. १९२३ च्या भुकेचा पुरावा म्हणून त्या दाखवू नयेत.

आता फटीकडे येते.

अठराव्या पानावर १९२३ संपतं. चिठ्ठी म्हणते, ‘या भयंकर महागाईमुळे त्रस्त जनतेनं हिटलरला निवडून दिलं.’ एकोणिसाव्या पानावर थेट १९३३ नंतरची तिकिटं. मधली दहा वर्षं अल्बममध्ये नाहीतच. हेच वाक्य मी दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये वाचते, क्लासच्या नोट्समध्ये वाचते, व्हॉट्सॲपवर वाचते. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. महागाई आली की हुकूमशहा येतो, असं मुलं शिकतात. मग हुकूमशहा ज्या दारानं खरोखर आत आला, त्या दाराकडे त्यांचं लक्षच जात नाही.

तारखा बघा. महागाईचा कळस नोव्हेंबर १९२३. त्याच महिन्यात, ८ आणि ९ तारखेला, हिटलरनं म्युनिकमध्ये बंडाचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्याला तुरुंग झाला. १५ नोव्हेंबरला रेंटनमार्क हे नवं चलन आलं, एक रेंटनमार्क म्हणजे १ लाख कोटी जुने मार्क, आणि भाव थांबले. मे १९२८ च्या निवडणुकीत, म्हणजे महागाई संपून साडेचार वर्षं झाल्यावर, नाझी पक्षाला किती मतं? २.६ टक्के. जागा १२. महागाईनं हिटलर आला असता, तर १९२४ मध्येच यायला हवा होता. तेव्हा मे महिन्यात ६.५ टक्के मिळाले आणि डिसेंबरात ते निम्म्याहून खाली, ३ टक्क्यांवर उतरले.

मग सप्टेंबर १९३० ला १८.३ टक्के आणि १०७ जागा. जुलै १९३२ ला ३७.३ टक्के आणि २३० जागा. या दोन वर्षांत जर्मनीत भाव चढत नव्हते, उतरत होते. दुकानात माल होता, खिशात पैसा नव्हता. अमेरिकेतून आलेल्या कर्जांवर १९२४ नंतर जो देश उभा राहिला होता, त्याची कर्जं १९२९ च्या पडझडीनंतर परत मागितली जाऊ लागली. १३ जुलै १९३१ ला डानाट ही मोठी बँक बंद पडली. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेरोजगार ६० लाखांवर गेले. चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, ब्रूनिंग यांनी अशा वेळी खर्च कापला, सरकारी पगार कापले, आणि डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमानं मजुरीचे दर सक्तीनं १९२७ च्या सुरुवातीच्या पातळीवर आणले. बेकारी भत्ता कमी, आणि तो मिळण्याची मुदतही कमी.

महागाईचा यात काहीच वाटा नाही असं मी म्हणत नाही. तिची जखम खोल होती. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी बँकेत किंवा युद्धाच्या कर्जरोख्यांत ठेवली होती, त्यांचं सगळं गेलं. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं, ते फुकटात सुटले. १९२५ च्या कायद्यानं गहाणखतांची किंमत चौथ्या हिश्शापर्यंत परत धरली, सरकारी रोख्यांना तर त्याहून कितीतरी कमी. निवृत्त मास्तर, विधवा, लहान दुकानदार या मंडळींचा युद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकावरचा विश्वास तिथे तुटला. ते आधी मधल्या, उदारमतवादी पक्षांपासून दूर गेले, मग लहानसहान पक्षांकडे, आणि शेवटी १९३० नंतर हिटलरकडे. शिवाय पुन्हा १९२३ होईल या भीतीनंच सरकार पैसा सोडायला धजेना. म्हणजे महागाईनं जमीन भुसभुशीत केली, पण घर पाडलं ते पुढच्या मंदीनं आणि त्या मंदीत घेतलेल्या निर्णयांनी. आणखी एक गोष्ट मुलांना आश्चर्याची वाटते. काम गेलेले कामगार मोठ्या संख्येनं कम्युनिस्टांकडे गेले. नाझींना भरभरून मतं दिली ती प्रोटेस्टंट खेड्यांनी आणि ज्यांना आपलंही बुडेल अशी भीती होती त्या मध्यमवर्गानं. कॅथलिक भाग बऱ्याच अंशी आपल्या सेंटर पक्षाला धरून राहिला.

आणि ते दुसरं विधान, ‘जनतेनं निवडून दिलं’. मोकळ्या निवडणुकीत नाझींना बहुमत कधीच मिळालं नाही. नोव्हेंबर १९३२ ला तर त्यांची सुमारे २० लाख मतं घटली, जागा १९६ वर आल्या. तरी ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला, कारण राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला नेमलं. माजी चान्सलर फॉन पापेन आणि त्यांच्या गोटाला वाटलं की मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीनच आहेत, आपण त्याला हाताळू. ही नेमणूक होण्याआधी तीन वर्षं संसद बाजूला पडत चालली होती. घटनेच्या ४८ व्या कलमानं राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीचे वटहुकूम काढता येत. १९३२ मध्ये संसदेनं केलेले कायदे ५, आणि वटहुकूम ५० हून जास्त. २७ फेब्रुवारी १९३३ ला राइखस्टाग हे संसदभवन जळालं तेव्हा, दुसऱ्याच दिवशी, याच कलमाखाली नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. लोकांना हुकमानं चालणाऱ्या राज्याची सवय आधीच लागलेली होती. २३ मार्चला सर्वाधिकार कायद्यावर, म्हणजे संसदेला डावलून सरकारलाच कायदे करू देणाऱ्या कायद्यावर, मतदान झालं. कम्युनिस्ट खासदारांना येऊच दिलं नव्हतं. बाजूनं ४४४, विरोधात ९४. ही ९४ मतं सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची, सभागृहात गणवेशातले नाझी गुंड उभे असताना दिलेली. माझ्या मते त्या वर्षातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि बत्तीस पानांत त्याला एक ओळही नाही.

मी हे सगळं दुकानदारांशी बोलले. वाद घालणारे नाहीत, ऐकून घेणारे आहेत. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी खालच्या खणातून एक पाकीट काढलं आणि म्हणाले, ‘टीचर, हें उजवाडार धरून पळयात.’

आत हिंडेनबुर्ग यांच्या चेहऱ्याची तिकिटं होती, दोन. गोल चौकटीत तोच म्हातारा सेनानी, बाजूनं पाहिलेला, तोच नमुना. एक १९३२ चं, प्रजासत्ताकाच्या शेवटच्या महिन्यांतलं. दुसरं १९३४ चं. समोरून फरक शोधून सापडत नाही. पण उलटं करून उजेडात धरलं की पहिल्याच्या कागदात जाळीची साधी नक्षी दिसते, दुसऱ्याच्या कागदात ओळीनं स्वस्तिकं. चेहरा तोच ठेवून मागचा कागद बदलला होता. १९३३ मध्ये जर्मनीत नेमकं काय घडलं हे सांगायला मी इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढते आहे. या दोन तिकिटांइतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. हिंडेनबुर्ग २ ऑगस्ट १९३४ ला वारले, तेव्हा हीच मालिका काळ्या चौकटीत निघाली. ते तिकीट अल्बममध्ये आधीपासून आहे, पण ही जोडी नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणाले की गिऱ्हाईक समोरचं चित्र बघून घेतं, वॉटरमार्क कोण बघतो. मी बघते, आणि माझी मुलंही बघतील.

स्वस्तिकाबद्दल मुलं विचारणारच, आपल्या उंबऱ्यावर ते रोज असतं. नाझींनी ते १९२० मध्ये पक्षाच्या झेंड्यावर घेतलं आणि १९३५ मध्ये तो झेंडा राष्ट्रध्वज केला, एवढं शांतपणे सांगून मी पुढे जाते.

त्यांच्याकडून मी चार पानं वेगळी बनवून घेतली, जादा ९०० रुपयांत. त्यात एक रेंटनमार्कची छोटी नोट, १९२८ च्या मालिकेतलं फ्रीडरिख एबर्ट यांचं तिकीट, ती हिंडेनबुर्गची जोडी आणि एक पान नुसतं मतांच्या टक्क्यांचं. एबर्ट खोगीर बनवणारे कारागीर होते, प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये पदावर असतानाच वारले. एक कारागीर आणि एक फील्ड मार्शल एकाच मालिकेच्या तिकिटांवर शेजारी शेजारी आले, हे त्या प्रजासत्ताकाचं खरं चित्र आहे. अल्बम वाचणाऱ्याला ते दिसायला हवं.

आणखी एक पान मी त्यांना सुचवलंय आणि ते त्यांनी मनावर घ्यावं. त्यांच्या दुकानाचा मुख्य माल म्हणजे बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या रुपियाच्या नोटा, आपल्या आजोबांच्या पेटीत असायच्या त्या. सालाझार १९२८ मध्ये पोर्तुगालचे अर्थमंत्री झाले, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि १९३३ मध्ये त्यांनी नवी घटना आणली. तीच ती वर्षं. त्या राजवटीची सेन्सॉरशिप गोव्यानं १९६१ पर्यंत भोगली. त्या काळातली एक रुपियाची नोट आणि १९३३ चं जर्मन तिकीट समोरासमोर ठेवलं, तर गोव्यातल्या मुलाला बर्लिन एवढं लांब वाटणार नाही. आणि मडगावच्या दुकानानं तर हे करायलाच हवं. राममनोहर लोहिया १९२९ मध्ये बर्लिनला शिकायला गेले आणि १९३३ मध्ये परतले. मी वर सांगितलेले १९३० ते १९३२ चे आकडे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. आपले असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझीसही तिथेच शिकत होते, दोघांची ओळख तिथली. १८ जून १९४६ ला याच शहरात पोर्तुगीज सरकारची सभाबंदी मोडायला जे दोघे उभे राहिले, त्यांनी एक प्रजासत्ताक कसं मोडतं ते जवळून पाहिलेलं होतं. लोहिया मैदान दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

घेणाऱ्यांसाठी व्यवहाराचं. अल्बमची प्लॅस्टिकची पाकिटं बदलून घ्या. काहींना नवीन रेनकोटसारखा उग्र वास येतो, म्हणजे ती पीव्हीसीची आहेत. त्यातलं रसायन कागदाला चिकटतं. मायलरची पाकिटं ते मागितल्यास देतात, थोडे पैसे जास्त पडतात. आपल्याकडच्या पावसात अल्बम कपाटात आडवा दाबून ठेवू नका, उभा ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पाऊस ओसरला की पानं उघडून वारा द्या. नोटांचा दर्जा सांगितल्याप्रमाणे आहे: मधल्या घड्या आहेत, एक-दोन टाचणीची भोकं आहेत, पण चिकटपट्टीनं जोडलेलं काही नाही. सुट्या घेतल्या तर १९१० ची १००० मार्कांची नोट २०० रुपयांना आणि लाल ओव्हरप्रिंटची ३५० ला मिळते, त्यामुळे सगळा अल्बम परवडत नसेल तर या दोन आणि हिंडेनबुर्गची तिकिटांची जोडी एवढं घेतलं तरी एका तासिकेचं काम होतं. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, रविवारी पूर्ण बंद. अल्बम मागताना ‘मधल्या वर्षांची पानं घालून’ असं आवर्जून सांगा. अठराव्या पानाची चिठ्ठी बदलून द्यायचं त्यांनी कबूल केलंय, पण जुन्या प्रती अजून फडताळावर आहेत.